कृतिदेव नव्या संगणकावर: कीबोर्ड लेआउटचे घोळ शोधायचे आणि मिटवायचे कसे

नवा संगणक येतो, पानं मांडायचा पेजमेकर बसतो, कृतिदेवसारखे मराठी फॉन्ट टाकून होतात. जुनी फाइल उघडली तर अक्षर न् अक्षर जागच्या जागी दिसतं. टायपिंगला बसलं की मात्र ‘शेतकरी’ नीट उमटतो आणि ‘विश्वास’ फुटतो. ‘पुष्प’ लिहायला जावं तर मधेच तिरकी रेघ येते. कधी अख्खी ओळच अर्ध्या घ ची होऊन बसते.

अशा वेळी लोक आधी फॉन्ट पुन्हा टाकतात, मग पेजमेकर आणि शेवटी विंडोज. दिवस जातो आणि दोष तिथेच राहतो. जुनी फाइल बरोबर दिसत असेल तर फॉन्ट बरोबर आहे, एवढं मनात पक्कं करा आणि त्याला हात लावू नका. बिघाड बटणापासून फॉन्टपर्यंतच्या वाटेत आहे. ती वाट तीन-चार टप्प्यांचीच असते आणि प्रत्येक टप्प्याचा बिघाड आपापली खूण सोडतो. खूण ओळखता आली तर दुरुस्ती पाच मिनिटांची आहे.

इथली उदाहरणं कृतिदेव ०१० ची आहेत, कारण हा फॉन्ट गावोगावच्या छापखान्यांत, झेरॉक्सच्या दुकानांत आणि कचेऱ्यांत अजून रोज चालतो. कृतिदेवच्या इतर क्रमांकांत एखादं अक्षर इकडेतिकडे असू शकतं. श्री-लिपी, आयएसएम, आकृती ही मराठी टायपिंगची सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं. त्यांच्यासाठी वेगळ्या गोष्टी पुढे दिल्या आहेत.

संगणकाच्या लेखी तुम्ही इंग्रजीच लिहिता

कृतिदेवमध्ये ‘क’ हे अक्षर मुळात नाहीच. तिथे इंग्रजी लहान डी आहे आणि त्या जागेवर क चं चित्र बसवलं आहे. मोठ्या डी च्या जागी अर्धा क्. डी, के, ई ही बटणं ओळीनं दाबली की ‘काम’ दिसतं, पण फाइलमध्ये इंग्रजी तीन अक्षरंच साठवली जातात. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतंत्र क्रमांक देणारी पद्धत, सर्वत्र पोचण्याआधीची ही सोय. विंडोजच्या पाश्चात्त्य वर्णसंचात, म्हणजे कोडपेज १२५२ मध्ये, २५६ जागा होत्या आणि त्यांतच सगळी देवनागरी बसवावी लागली.

म्हणून बटण दाबल्यावर असा प्रवास होतो: बटण, विंडोजचा लेआउट (कुठल्या बटणाला कुठलं अक्षर याचा तक्ता), १२५२ मधला क्रमांक, फॉन्टमधलं चित्र. श्री-लिपी किंवा आयएसएममध्ये लेआउट आणि क्रमांक यांच्यामध्ये त्या सॉफ्टवेअरचं स्वतःचं कीबोर्ड इंजिन बसतं.

विंडोजला वाटलं पाहिजे की हा माणूस अमेरिकन इंग्रजी टाइप करतोय. ना ब्रिटिश, ना आंतरराष्ट्रीय, आणि मराठी तर नाहीच. जुना मराठी फॉन्ट चालवायचा तर विंडोजचा मराठी कीबोर्ड बंद हवा, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण निम्मे घोळ इथेच होतात.

पाच शब्दांची तपासणी

कृतिदेव निवडा आणि नेहमीच्या सवयीनं हे पाच शब्द टाइप करा: शेतकरी, विश्वास, प्रश्न, पुष्प, कृपा. शेवटी एक प्रश्नचिन्ह द्या.

‘शेतकरी’ बरोबर आला, पण श चं बटण दाबल्यावर काहीच दिसलं नाही आणि पुढचं बटण दाबल्यावर दोन्ही एकदम उमटलं, तर लेआउट ‘युनायटेड स्टेट्स इंटरनॅशनल’ आहे. या लेआउटमध्ये पाच चिन्हं मुकी असतात: ' " ` ~ ^. ती एकटी उमटत नाहीत, पुढच्या अक्षराची वाट बघतात, कारण फ्रेंच-स्पॅनिशमधली स्वरचिन्हं लावायला ती राखून ठेवली आहेत. कृतिदेवमध्ये याच पाच जागांवर अनुक्रमे श्, ष्, ृ, हलन्त आणि सुरुवातीचं एकेरी अवतरणचिन्ह आहे. श् नंतर के आलं तर विंडोजला त्यातून काही जोडाक्षर बनवता येत नाही, म्हणून दोन्ही जसंच्या तसं बाहेर पडतं आणि ‘श’ बनतो. पण ‘विश्वास’मध्ये श् नंतर व आहे आणि व म्हणजे इंग्रजी ओ. विंडोज त्या दोघांचा मिळून डोक्यावर तिरकी रेघ असलेला एकच ओ करतं आणि फॉन्ट त्या जागेवरचं भलतंच चित्र दाखवतो. ‘प्रश्न’मध्ये न म्हणजे यू, ‘पुष्प’मध्ये प म्हणजे आय, ‘कृपा’मध्येही ृ नंतर आय. सगळीकडे तोच प्रकार. ‘कधी बरोबर येतं, कधी चुकतं’ ही तक्रार ऐकली की आधी हाच लेआउट तपासा.

‘पुष्प’चा ‘पु/प’ झाला आणि प्रश्नचिन्हाऐवजी ‘रु’ आला, तर लेआउट ब्रिटिश आहे. ब्रिटिश मांडणीत दुहेरी अवतरणचिन्ह दोनच्या बटणावर असतं आणि आपल्याकडे जिथे ते छापलेलं आहे तिथे @ असतो. कृतिदेवमध्ये @ म्हणजे तिरकी रेघ. एंटरच्या वरचं बटण तिकडे # देतं आणि कृतिदेवमध्ये # म्हणजे रु. हलन्तही हरवतो, कारण टॅबच्या वरच्या बटणाला शिफ्ट लावल्यावर ~ येत नाही.

अख्खी ओळ अर्ध्या घ ची झाली, तर विंडोजचा मराठी कीबोर्ड चालू आहे. विंडोज खरी युनिकोड देवनागरी पाठवतं, पण पेजमेकरला १२५२ च्या बाहेरचं काही घेता येत नाही. प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह जातं आणि कृतिदेवमध्ये प्रश्नचिन्हाच्या जागेवर घ् आहे. वर्डसारख्या नव्या प्रोग्रॅममध्ये याच चुकीचं रूप वेगळं दिसतं: फॉन्ट आपोआप बदलून मंगल किंवा निर्मला होतो आणि मधेच वेगळ्या वळणाची अक्षरं येतात.

पाचही शब्द बरोबर आले, पण मराठी आकडे, क्र, द्र चुकतात, तर लेआउट ठीक आहे. तुमचा बिघाड पुढे ऑल्ट कोडच्या भागात सापडेल.

लेआउट पक्का करणं

विंडोज ११ मध्ये: सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन. यादीत ‘इंग्लिश’ जी असेल तिच्यासमोरच्या तीन टिंबांवर क्लिक करून लँग्वेज ऑप्शन्स उघडा. खाली ‘कीबोर्ड्स’ हा भाग दिसेल. ‘अ‍ॅड अ कीबोर्ड’मधून नुसता ‘यूएस’ निवडा. याच यादीत ‘युनायटेड स्टेट्स इंटरनॅशनल’ही असतो, घाईत तो निवडला जातो. यूएस जोडून झाला की मगच बाकीचे काढा. आधी काढायला गेलात तर एकमेव कीबोर्ड असल्यामुळे ‘रिमूव्ह’ दबतच नाही. विंडोज १० मध्ये हेच सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेजमध्ये आहे.

भारतात घेतलेल्या संगणकावर बहुधा ‘इंग्लिश (इंडिया)’ कीबोर्ड असतो. साध्या टायपिंगमध्ये तो यूएससारखाच वागतो, म्हणून पाच शब्दांच्या तपासणीत तो पकडला जात नाही. फरक उजव्या ऑल्टचा आहे. या लेआउटमध्ये उजवा ऑल्ट म्हणजे कंट्रोल आणि ऑल्ट एकत्र, आणि तो धरून ४ दाबला की रुपयाचं चिन्ह येतं. उजव्या ऑल्टनं पेजमेकरचे मेनू उघडायची सवय असेल तर ते उघडत नाहीत आणि चुकून ४ दाबला गेला तर मजकुरात एक घ् येऊन बसतो, कारण रुपयाचं चिन्ह १२५२ मध्ये नाही. जुन्या फॉन्टवर दिवसभर काम करायचं असेल तर हा लेआउटही काढून टाका.

यादीत नाही, पण टास्कबारवर दिसतो, असा भुताटकीचा लेआउटही कधी सापडतो. यादीत नसल्यानं काढता येत नाही. उपाय सोपा आहे: तोच लेआउट मुद्दाम यादीत जोडा, एकदा साइन-आउट करून परत या आणि मग काढा. त्यानंतर कंट्रोल पॅनेलमधल्या रीजनच्या ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह’ पानावर ‘कॉपी सेटिंग्ज’ दाबून खालच्या दोन्ही चौकटींत खूण करा. म्हणजे स्वागताच्या पडद्यावर आणि नव्या वापरकर्त्याच्या खात्यातही हाच लेआउट राहील.

लंडनहून किंवा दुबईहून आलेल्या लॅपटॉपवर कीबोर्डच ब्रिटिश छपाईचा असू शकतो: एंटर उभा आणि मोठा, डावा शिफ्ट आखूड आणि त्याच्या शेजारी एक जादा बटण. त्यावरही विंडोजचा लेआउट यूएसच ठेवा. छापलेली चिन्हं जुळणार नाहीत, पण कृतिदेवची बोटं सवयीच्या जागी पडतील. एंटर उभा असल्यामुळे प्रश्नचिन्हाचं बटण त्याच्या डाव्या कडेला, एक ओळ खाली सरकलेलं असतं. तेवढी एक जागा बोटांना नव्यानं शिकवावी लागते.

मराठी युनिकोडही लागतंच, तेव्हा

हल्ली एकाच टेबलावर पेजमेकरमध्ये कृतिदेव आणि ब्राउझरमध्ये युनिकोड मराठी चालतं. तेव्हा मराठी कीबोर्ड पूर्ण काढून चालत नाही. यात एक खाच आहे. एक्सपी आणि विंडोज ७ प्रत्येक खिडकीचा लेआउट वेगळा लक्षात ठेवत. ब्राउझरमध्ये मराठी केलं तरी पेजमेकर इंग्रजीतच राहायचा. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून हे उलटं झालं. लेआउट सगळ्या खिडक्यांना एकच लागतो. ब्राउझरमधून परत आलात की पेजमेकरही मराठीत, आणि पहिल्याच ओळीला घ् घ् घ्.

जुनी सवय परत मिळते. विंडोज ११ मध्ये टाइम अँड लँग्वेज, टायपिंग, अ‍ॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज. विंडोज १० मध्ये डिव्हायसेस, टायपिंग, अ‍ॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज. तिथे ‘लेट मी यूज अ डिफरंट इनपुट मेथड फॉर ईच अ‍ॅप विंडो’वर खूण करा. त्याच पानावर वरती ‘ओव्हरराइड फॉर डीफॉल्ट इनपुट मेथड’मध्ये यूएस निवडून ठेवा, म्हणजे प्रत्येक नवी खिडकी इंग्रजीत उघडेल.

याच पानावर ‘इनपुट लँग्वेज हॉट कीज’ आहे. तो उघडा आणि ‘चेंज की सीक्वेन्स’मध्ये दोन्ही बाजूंना ‘नॉट असाइन्ड’ करा. डावा ऑल्ट आणि शिफ्ट, किंवा कंट्रोल आणि शिफ्ट दाबलं की लेआउट बदलतो, ही विंडोजची जुनी सोय. पेजमेकरमध्ये ठळक अक्षरांसाठी कंट्रोल-शिफ्ट-बी दाबतात. बी दाबायच्या आधी हात थबकला आणि दोन्ही बटणं सुटली की लेआउट बदललाच. ‘टाइप करता करता आपोआप बदलतं’ ही तक्रार बहुतेक वेळा इथली असते. विंडोज-स्पेसनं बदलायची सोय तरीही राहते आणि ती चुकून दाबली जात नाही.

आकडे, क्र, द्र आणि ऑल्ट कोड

कृतिदेवमध्ये वरच्या ओळीतून इंग्रजी आकडे येतात. मराठी आकड्यांसाठी डावा ऑल्ट धरून उजवीकडच्या नंबर पॅडवर चार आकडी क्रमांक दाबायचा. १ ते ९ साठी ओळीनं ०१३१ ते ०१३९ आणि शून्यासाठी ०२२९. क्र साठी ०२१६, द्र साठी ०२३०, अर्ध्या जोड त्त् साठी ०२१७.

सुरुवातीचं शून्य गाळलंत तर विंडोज १२५२ सोडून डॉसच्या काळातल्या वर्णसंचात शोधतं आणि दुसरंच अक्षर देतं. वरच्या ओळीतले आकडे दाबून हे होत नाही. नमलॉक चालू हवा. ऑल्ट डावाच हवा.

हे सगळं पाळूनही आकडे चुकत असतील, आणि जुन्या फाइलमध्येही नेमक्या क्र, द्र, मराठी आकड्यांच्या जागी कचरा दिसत असेल, तर सुरुवातीला सांगितलेल्या नियमाला हा एकच अपवाद आहे. विंडोज-आर दाबून येणाऱ्या चौकटीत control लिहून कंट्रोल पॅनेल उघडा, तिथून रीजन, अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह, ‘चेंज सिस्टिम लोकेल’. खाली ‘बीटा: यूज युनिकोड यूटीएफ-८’ अशी ओळ दिसेल. तिच्यापुढची खूण काढा, लोकेल ‘इंग्लिश (युनायटेड स्टेट्स)’ ठेवा आणि संगणक पुन्हा सुरू करा. ती खूण असली की १२५२ ची जागा यूटीएफ-८, म्हणजे युनिकोड साठवायची पद्धत, घेतं. पहिले १२८ क्रमांक दोन्हीकडे सारखे असल्यानं साधी अक्षरं बरोबर येतात, वरचे सगळे कोसळतात. एखादं नवं सॉफ्टवेअर मराठी नीट दाखवत नव्हतं म्हणून कुणीतरी ही खूण केलेली असते आणि महिन्याभरानं पेजमेकर उघडेपर्यंत ते कुणाच्या लक्षातही राहत नाही.

नंबर पॅड नसलेला लॅपटॉप

चौदा इंची लॅपटॉपवर बहुधा नंबर पॅड नसतो. सरळ उपाय म्हणजे यूएसबीचा सुटा नंबर पॅड. दिवसाला दोन-चार पानं करणाऱ्यानं तोच घ्यावा.

रोज बिलं, याद्या, निवडणुकीची पत्रकं करणाऱ्याला मात्र प्रत्येक आकड्याला पाच बटणं दाबणं परवडत नाही. त्यानं स्वतःचा लेआउट बनवावा. मायक्रोसॉफ्टचं ‘कीबोर्ड लेआउट क्रिएटर १.४’ हे मोफत साधन आहे. ते जुनं असल्यानं नव्या विंडोजवर आधी डॉटनेट ३.५ चालू करावं लागतं: कंट्रोल पॅनेल, प्रोग्रॅम्स, ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’.

साधन उघडून फाइल मेनूतून ‘लोड एक्झिस्टिंग कीबोर्ड’ घ्या आणि यूएस निवडा. कोऱ्या लेआउटवरून सुरुवात करू नका, एखादं बटण राहून जातंच. डावीकडे ‘ऑल्ट-ग्राफ’च्या चौकटीत खूण केली की पडद्यावरचा कीबोर्ड रिकामा दिसतो. ही तुमची मोकळी जागा. १ च्या बटणावर क्लिक करा आणि अक्षराचा क्रमांक भरा.

नव्यानं बनवणारा इथेच हमखास चुकतो. ऑल्ट कोडचा क्रमांक इथे चालत नाही, त्या अक्षराचा युनिकोड क्रमांक द्यावा लागतो आणि दोन्ही वेगळे आहेत. १ साठी ऑल्ट कोड ०१३१, पण युनिकोड क्रमांक यू+०१९२. पुढचे असे: २ साठी यू+२०१ई, ३ साठी यू+२०२६, ४ साठी यू+२०२०, ५ साठी यू+२०२१, ६ साठी यू+०२सी६, ७ साठी यू+२०३०, ८ साठी यू+०१६०, ९ साठी यू+२०३९ आणि शून्यासाठी यू+००ई५. क्र चा यू+००डी८, द्र चा यू+००ई६. साधनात हे सगळं अर्थात इंग्रजी आकड्या-अक्षरांत भरायचं.

मग प्रोजेक्ट मेनूतल्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये नाव द्या. नाव आठ अक्षरांच्या आत आणि इंग्रजीत. ‘व्हॅलिडेट’ करून ‘बिल्ड डीएलएल अँड सेटअप पॅकेज’ दाबा, तयार झालेल्या फोल्डरमधलं सेटअप चालवा आणि संगणक पुन्हा सुरू करा. आता उजवा ऑल्ट धरून १ दाबला की १. पुढे बदल करायचा झाला तर आधी जुना लेआउट ‘इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स’मधून काढा. त्याच नावावर नवा चढवला तर बसवण्याची प्रक्रिया अडते, किंवा जुनाच चालू राहतो. तयार सेटअपचं फोल्डर पेन ड्राइव्हवर जपून ठेवा, दुसऱ्या संगणकावर ते तसंच चालतं.

उजवा ऑल्ट इथेही कंट्रोल-ऑल्टच असतो. पेजमेकरमध्ये तुमचा एखादा शॉर्टकट कंट्रोल-ऑल्ट आणि आकडा असा असेल तर तो जाईल. मराठी आकडे जास्त लागतात की तो शॉर्टकट, हे आधी ठरवा.

वर्डमध्ये कृतिदेव

वर्डला वाटतं तुम्ही इंग्रजी लिहिताय, म्हणून तो तुमचं ‘इंग्रजी’ सुधारत बसतो. परिच्छेदाचं पहिलं अक्षर मोठं करतो, त्यामुळे ‘काम’चा क अर्धा होतो आणि काना सुटा पडतो. साधं अवतरणचिन्ह गोलाकार करतो, त्यामुळे श् ची जागाच बदलते आणि ‘शाळा’च्या सुरुवातीला अवतरणचिन्ह येतं.

फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ‘ऑटोकरेक्ट ऑप्शन्स’ उघडा. ‘ऑटोकरेक्ट’ पानावरच्या सगळ्या खुणा काढा, ‘ऑटोफॉरमॅट अ‍ॅज यू टाइप’ पानावरच्या ‘रिप्लेस अ‍ॅज यू टाइप’ गटातल्याही सगळ्या काढा. अ‍ॅडव्हान्स्डमध्ये ‘ऑटोमॅटिकली स्विच कीबोर्ड’ ही ओळ असेल तर तीही. ती ओळ दिसत नसेल तर एकापेक्षा जास्त कीबोर्ड बसलेले नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

श्री-लिपी, आयएसएम, आकृतीवाल्यांसाठी

पुण्यातल्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्री-लिपी, सी-डॅकचं आयएसएम, आणि आकृती यांत इंजिन मधे बसून बटणं पकडतं आणि हवे ते क्रमांक पुढे पाठवतं. विंडोजचा लेआउट इथेही यूएसच हवा. इंजिनातला इनस्क्रिप्ट, टाइपरायटर किंवा फोनेटिक हा बटणांच्या मांडणीचा पर्याय त्यावर चढतो. विंडोजमध्येही मराठी इनस्क्रिप्ट चालू केलंत तर दोघं एकाच बटणावर हक्क सांगतात.

इंजिन चालू आहे, चिन्ह टास्कबारवर दिसतंय, पण अक्षर इंग्रजीच येतं, तर दोन गोष्टी बघा.

पहिली: पेजमेकर ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’नं चालतो का? व्हिस्टापासून विंडोजमध्ये अशी भिंत आहे की साध्या अधिकारानं चालणारा प्रोग्रॅम वरच्या अधिकाराच्या खिडकीतली बटणं पकडू शकत नाही. पेजमेकर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आणि इंजिन साधं, असं असेल तर इंजिनापर्यंत बटण पोचतच नाही. दोघांना एकाच पातळीवर आणा. दोन्ही साधे चालत असतील तर उत्तमच. पेजमेकरला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर लागतच असेल तर इंजिनाच्या शॉर्टकटवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, आणि तिथे ‘रन धिस प्रोग्रॅम अ‍ॅज अ‍ॅन अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’. इंजिन आधी सुरू करा, पेजमेकर नंतर.

दुसरी: पेजमेकरमध्ये चालतं, वर्डमध्ये नाही? मग वर्ड ६४ बिटचं आहे. जुनं इंजिन ३२ बिटचं, आणि त्याचा जो तुकडा दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये शिरून बटणं पकडतो तो ६४ बिटच्या प्रोग्रॅममध्ये शिरू शकत नाही. ऑफिस २०१९ पासून काही न सांगता बसवलं तर ६४ बिटचंच बसतं. वर्डच्या फाइल, अकाउंट, ‘अबाउट वर्ड’मध्ये पहिल्या ओळीत ते लिहिलेलं असतं. ते काढून ३२ बिटचं बसवा. नोटपॅडही ६४ बिटचं असतं, म्हणून इंजिनाची परीक्षा नोटपॅडमध्ये घेऊ नका. तिथे नापास झालं तरी त्यावरून काही सिद्ध होत नाही.

मराठी-इंग्रजी बदलायचं बटण स्क्रोल लॉक असेल आणि लॅपटॉपवर ते नसेल तर विंडोजचा ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडा, त्यावर आहे. बदल एफ-बटणावर असेल आणि ते दाबल्यावर आवाज किंवा उजेड कमीजास्त होत असेल तर एफएन धरून दाबा. बऱ्याच लॅपटॉपवर एफएन-एस्केपनं ही अदलाबदल कायमची करता येते.

फॉन्ट यादीतच दिसत नसेल तर

हा कीबोर्डचा दोष नाही, पण तक्रार तशीच येते: ‘मराठी दाबलं तरी इंग्रजीच येतं’. विंडोज १० च्या नंतरच्या आवृत्त्या फॉन्ट फक्त त्या वापरकर्त्यापुरता बसवतात आणि जुन्या प्रोग्रॅमना तो दिसत नाही. फॉन्ट काढा, फाइलवर उजवं क्लिक करून ‘इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स’ निवडा, पेजमेकर बंद करून पुन्हा उघडा.

डॉसचे प्रोग्रॅम

पतपेढीचा जुना हिशेब, फॉक्सप्रोत लिहिलेली पगारपत्रकं, असं काही अजून चालवायचं असेल तर ६४ बिटच्या विंडोजवर ते थेट चालत नाही. विंडोजमध्ये डॉस चालवून देणारा डॉसबॉक्स हा प्रोग्रॅम लागतो. त्याच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये ‘डॉस’ या भागात कीबोर्ड लेआउटची ओळ असते आणि तिथे ‘ऑटो’ लिहिलेलं असतं. ते बदलून ‘यूएस’ करा. ऑटो ठेवलं तर सुरू होताना विंडोजमध्ये जो लेआउट असेल त्यावर सगळं अवलंबून राहतं.

याहून मोठा धोका शॉर्टकटचा आहे. डॉसबॉक्समध्ये कंट्रोल-एफ९ म्हणजे ताबडतोब बंद, काही न विचारता. जुन्या प्रोग्रॅममध्ये कंट्रोल-एफ९ ला ‘नोंद जतन करा’ असा अर्थ असेल तर नोंद जतन व्हायच्या ऐवजी जाते. कामाला बसण्याआधी कंट्रोल-एफ१ दाबून की-मॅपर उघडा, ‘शटडाउन’ निवडा, जुनं बटण ‘डेल’नं काढा, ‘अ‍ॅड’नं कधीच लागणार नाही असं बटण द्या आणि ‘सेव्ह’ करा. कंट्रोल-एफ४, एफ५, एफ७, एफ११, एफ१२ यांनाही डॉसबॉक्सनं आपली कामं दिली आहेत. तुमच्या प्रोग्रॅमला लागतील तेवढी मोकळी करा.

शेवटचा मार्ग: संगणकात संगणक

इंजिन नव्या विंडोजवर काही केल्या बसतच नसेल तर संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्स या प्रोग्रॅममध्ये एक्सपी किंवा विंडोज ७ चालवा. व्हर्च्युअलबॉक्स आतल्या विंडोजला बटणाचा मूळ संकेत देतो, म्हणून बाहेरचा लेआउट कोणताही असला तरी फरक पडत नाही. यूएस आतमध्ये लावायचा. सॉफ्टवेअरला यूएसबीचं कुलूप (डोंगल) असेल तर डिव्हायसेस, यूएसबी या मेनूतून ते आतल्या संगणकाला जोडून द्या. उजवा कंट्रोल व्हर्च्युअलबॉक्स स्वतःसाठी ठेवतो. तो लागत असेल तर प्रेफरन्सेसमधून बदला. आतल्या एक्सपीचं इंटरनेट मात्र बंदच ठेवा.

सगळं जमलं की पेजमेकरमध्ये एक पान करा: शेतकरी, विश्वास, प्रश्न, पुष्प, कृपा, प्रश्नचिन्ह, ० ते ९, क्र, द्र, त्त. छापून मॉनिटरच्या कडेला चिकटवा. विंडोजचं मोठं अपडेट झालं की काम हातात घेण्याआधी तोच मजकूर पुन्हा टाइप करून कागदाशी ताडा, कारण अपडेटनंतर काढलेला लेआउट कधी कधी यादीत परत आलेला दिसतो. कुठला शब्द फुटला त्यावरून कुठल्या भागात जायचं ते लगेच कळेल.